नाक पुन्हा बांधून घेताना

जुलै २०२४ मध्ये बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला, त्या रात्री मी मोबाइलवर मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून शोधत बसले. कॅन्सर म्हणजे काय हे सांगणारं पुष्कळ होतं. पण नाकावरची गाठ काढल्यावर नाकाचं पुढे काय होतं, ते परत कसं बांधतात, मधले दिवस बाई घरात कशी वावरते, हे कुणी लिहिलेलं मला मिळालं नाही. आता सगळं पार पडलंय, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या डिचोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते, वय साठीला टेकलेलं. घडलं त्याच क्रमाने सांगते.

गाठ नाकाच्या डाव्या पाळीवर होती, चमकीच्या भोकाच्या जरा वर. २०२२ च्या पावसाळ्यात ती मोहरीएवढी काळसर, चकचकीत पुळी होती. दुखत नव्हती. तोंड पुसताना टॉवेल लागला की रक्ताचा ठिपका यायचा, खपली धरायची, खपली पडायची आणि आठ-दहा दिवसांत परत तेच. चमकी बाधली असणार असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. सोनाराने तार बदलून दिली, मग मी चमकी काढूनच ठेवली. जवळच्या एका दवाखान्यात मलम मिळालं, ते लावलं की खपली मऊ व्हायची एवढंच. दीड वर्ष असंच गेलं. मग आरोग्य केंद्रात नर्स असलेली माझी एक गिऱ्हाईक माप द्यायला आली आणि टेप माझ्या हातातच राहिली, कारण ती माझ्या नाकाकडे बघत होती. "मावशी, हे किती दिवसांचं? भरून येत नाही ना? बांबोळीला दाखवा. या आठवड्यातच." महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम, मग ती केवढीही असो, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायची असते, हे मला तिच्याकडून कळलं.

आमच्याकडे बांबोळी म्हटलं की गोवा मेडिकल कॉलेज. डिचोलीहून पणजीच्या स्टँडवर आणि तिथून मडगावकडे जाणाऱ्या बसने बांबोळीला उतरायचं. सकाळी लवकर निघालं तर केसपेपरच्या रांगेत पुढे नंबर लागतो. त्वचा विभागात डॉक्टरांनी उजेडाचं एक भिंग नाकाला टेकवून बराच वेळ बघितलं, फोटो काढला आणि तुकडा तपासायला पाठवूया म्हणाल्या. त्याला पंच बायोप्सी म्हणतात. तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. नाकात भुलीचं इंजेक्शन देतात तेवढं मात्र फार झोंबतं, डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. पुढच्या सगळ्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त दुखलेलं काय असेल तर ते इंजेक्शन, आणि ते अर्ध्या मिनिटाचं होतं.

रिपोर्टमध्ये बेसल सेल कार्सिनोमा असं होतं. त्वचेचा कॅन्सर. बाईंनी मला आणि ह्यांना समोर बसवून सावकाश सांगितलं. हा कॅन्सर हळू वाढतो आणि शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही. पण असतो तिथे खात जातो, कातडीखाली, कूर्चेत, नाकात तर आतपर्यंत. वरून दिसतो त्यापेक्षा खाली मोठा असू शकतो. आपल्या लोकांत तो बहुतेकदा काळसर असतो, म्हणून तीळ किंवा मस समजून राहून जातो. कशामुळे, तर मुख्यतः वर्षानुवर्षांच्या उन्हामुळे. माझं माहेर सत्तरी तालुक्यातलं. लहानपणापासून लग्न होईपर्यंत मार्च ते मे काजूच्या डोंगरावर बोंडू गोळा करण्यात गेले. डोक्याला फडकं असायचं, नाकाला काही नसायचं. चमकीचा आणि गाठीचा काही संबंध नाही हे मी तीनदा विचारून घेतलं.

घरी हे सांगितल्यावर एका नातेवाईक बाईंनी मला बाजूला घेतलं. कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो, ऑपरेशन करू नको, असं त्या कळवळून सांगत होत्या. हे तुम्हालाही कुणीतरी सांगेल. मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारलं. या गाठीवर पूर्ण काढून टाकणं हाच मुख्य उपाय आहे आणि तसं केल्यावर बहुतेक लोक बरे होतात, असं त्या ठामपणे म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली.

तिथून प्लास्टिक सर्जरी विभागात पाठवलं. हा विभाग फक्त सिनेमातल्या लोकांसाठी असतो असा ह्यांचा समज होता. बाहेरच्या बाकावर भाजलेली मुलं, अपघातात हात चिरडलेले कामगार आणि टाळू दुभंगलेलं बाळ घेऊन बसलेली आई बघून तो पार पुसला गेला.

सर्जन तरुण होते. त्यांनी पट्टीने गाठ मोजली, जवळजवळ सव्वा सेंटिमीटर. कडा नीट कळत नव्हत्या, म्हणून भोवतालची चांगली कातडीही काही मिलिमीटर काढावी लागणार होती. म्हणजे डावी पाळी जवळपास पूर्ण जाणार. मी काय काम करते ते विचारून त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. नाकाला तीन थर असतात, आत अस्तर, मध्ये कॉलरमध्ये घालतो तसा कॅनव्हास आणि वर कापड. माझं अस्तर बहुधा वाचेल, कॅनव्हास कानाच्या कूर्चेतून घेऊ आणि कापड कपाळाचं. कपाळाचंच का? कानामागची पातळ कातडी लावता येते, पण एवढ्या जागेवर ती आक्रसते, पाळी वर ओढली जाते आणि रंगही वेगळा दिसतो. कपाळाची कातडी रंगाने आणि जाडीने नाकाला सगळ्यात जवळची.

पण ती नुसती कापून चिकटवली तर जगेलच याची खात्री नसते. तिला रक्त हवं. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी कपाळावर चढते. त्या धमनीसकट कातडीची उभी पट्टी सोडवतात, तिला फ्लॅप म्हणतात, वरचं टोक खाली वळवून नाकावर शिवतात आणि भुवईकडचं मूळ तसंच ठेवतात. तीन आठवड्यांत नाकावरच्या तुकड्याला नाकाकडून नवीन रक्तवाहिन्या मिळतात. मग मधली पट्टी कापायची. म्हणजे ते तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक पूल चेहऱ्यावर राहणार.

मी फोटो मागितला. डोळे झाकलेल्या एका आजोबांचे तीन फोटो त्यांनी दाखवले. पहिला आणि तिसरा बघून धीर आला, मधला बघून ह्यांनी मान फिरवली. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. आज विचाराल तर माझं पहिलं सांगणं हेच, की मधला फोटो दाखवा म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. घरात जे सोबत राहणार आहेत त्यांनाही दाखवा. ऑपरेशननंतर आरशात दिसलं ते मला ओळखीचं वाटलं, ते त्यामुळेच.

त्याच भेटीत कळलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक असंच बांधलं होतं. तो इंग्रजी फौजेकडे बैल हाकायचा, टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि नाक कापलं गेलं. ते पुन्हा करणारा माणूस विटा घडवणाऱ्यांपैकी, कुंभार समाजातला होता. त्याने मेणाच्या पातळ पत्र्याचं माप घेऊन कपाळावर ठेवलं, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ती हकिकत चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. आपल्या मुलखातल्या एका कारागिराच्या हातचं हे काम जगभर गेलं. भूल नव्हती तेव्हाचा तो कावसजी मला वॉर्डात बऱ्याचदा आठवला.

तारीख ठरवताना मी गणेश चवथीचं विचारलं. ऑगस्टमध्ये ब्लाउजची सगळ्यात जास्त कामं असतात आणि कापड घेऊन ठेवलेलं होतं. दोन-चार आठवड्यांनी फरक पडणार नाही, पण दिवाळीपर्यंत ढकलू नका असं सर्जन म्हणाले. तुमची गाठ वेगळ्या जातीची असेल तर हा सल्ला लागू नाही, तेव्हा विचारूनच ठरवा.

मधल्या दिवसांत कागदपत्रं. रक्त, साखर, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, मग भुलीच्या डॉक्टरांची तपासणी. तिथे माझा रक्तदाब जास्त निघाला, गोळी सुरू झाली आणि तारीख आठवडाभर पुढे गेली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगायची, स्वतःहून बंद करायची नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड सोबत ठेवा. २०२४ मध्ये तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत त्यात संरक्षण होतं, पण कार्डाचं वेळेवर नूतनीकरण करावं लागतं. आमचं संपत आलं होतं, मुलाने धावपळ करून ते केलं. कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि केसपेपर यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एकाच फाइलीत ठेवल्या, आणि प्रत्येक रिपोर्टचा मोबाइलवर फोटो. ऑपरेशनचे पैसे मला भरावे लागले नाहीत. खर्च झाला तो येण्याजाण्याचा आणि बाहेरून आणलेल्या मलम-ड्रेसिंगचा. ऑपरेशननंतर बसने येणं शक्य नव्हतं, त्या फेऱ्यांना दर वेळी दीड-दोन हजार टॅक्सीचे गेले.

१७ सप्टेंबरला गाठ काढली, जागेपुरती भूल देऊन. कापताना ओढल्यासारखं वाटतं, दुखत नाही. मांस जळल्याचा वास येतो, ते रक्तवाहिन्या बंद करणं असतं. कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी दचकले नसते, म्हणून सांगते.

नाक लगेच बांधलं नाही. काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा आणि तळ तपासून, कुठेही कॅन्सर राहिला नाही हे कागदावर आल्यावरच बांधायचं, असं सर्जनचं मत होतं. आत काही राहिलं आणि त्यावर कपाळाची कातडी घातली, तर ते झाकलं जातं आणि तो फ्लॅपही वाया जातो. काही ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच कडा तपासण्याची सोय असते. माझ्या बाबतीत थांबायचं ठरलं आणि ते मला पटलं.

ते दहा-बारा दिवस मनाला सगळ्यात जड गेले. पुढच्या तीन आठवड्यांपेक्षाही. पट्टी बदलताना मुलाने विचारलं, "आई, आरसा देऊ?" मी हो म्हटलं. जिथे पाळी होती तिथे लाल खळगा होता आणि नाकपुडीची कड अर्धी नव्हती. मी आरसा परत दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाताचं आधण ठेवलं. रडले ते रात्री, ह्यांच्याजवळ. ते काही बोलले नाहीत, पाठीवर हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवसापासून पट्टी तेच बदलू लागले.

२७ सप्टेंबरला रिपोर्ट आला. सगळ्या कडा मोकळ्या, तळही मोकळा. सर्जननी ती ओळ बोट ठेवून दाखवली.

३ ऑक्टोबर, घटस्थापनेचा दिवस, मोठं ऑपरेशन. या वेळी पूर्ण भूल. आदल्या संध्याकाळी त्यांनी एका छोट्या यंत्राने भुवईजवळ धमनीचा आवाज शोधला, मलाही ऐकवला, आणि पेनाने खूण केली. नाकाच्या जागेचं माप टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदावर कापून घेतलं आणि उलटं करून माझ्या कपाळावर ठेवलं. केसांच्या कडेपर्यंत जागा पुरते का ते बघत होते. केसांत गेलं तर पुढे नाकावर केस उगवतात.

जाग आली तेव्हा घसा सुकलेला, कान ठणकत होता आणि डाव्या डोळ्यासमोर काहीतरी आडवं होतं. पहिल्या रात्री सिस्टर तासातासाला टॉर्च घेऊन यायच्या. नाकावरच्या कातडीवर बोट दाबायचं, ती पांढरी होते, सोडलं की दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. निळी-जांभळी पडली तर रक्त अडकतंय, पांढरीफटक राहिली तर रक्त येत नाही, दोन्ही वेळा लगेच हाक मारायची. घरी आल्यावर हेच काम मुलाने केलं, दिवसातून चार-पाच वेळा, खिडकीच्या उजेडात.

पुलाची खालची बाजू उघडी असते, तिथून पहिले दोन दिवस रक्ताळलेलं पाणी झिरपतं. उशी भिजली की घाबरायला होतं, पण ते अपेक्षितच असतं. पुलाच्या त्या बाजूला व्हॅसलिनची जाळी गुंडाळतात. सतत वाहायला लागलं तर मात्र वाट बघत बसायचं नाही. तंबाखू, मिश्री, विडी कुणाची असेल तर आधीच सुटायला हवी, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅप काळा पडू शकतो. वॉर्डातल्या एका मिश्री लावणाऱ्या आजींना डॉक्टर रोज हात जोडून हेच सांगत होते.

तीन आठवडे मी दोन उशांवर उताणी झोपले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. चष्मा नाकावर ठेवता येत नाही हे मात्र आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मशीनवर बसणं तर बंदच, दिवाळीची कामं शेजारच्या एकीकडे दिली. वाचायला मुलाने हातात धरायचं भिंग आणून दिलं. जेवण पेज, नाचणीचं तिझन, मऊ भात, कारण चावताना गाल ओढला जायचा. आंघोळ मानेखाली.

आणि एक नवल. नाकाला हात लावला की कपाळाला लावल्यासारखं वाटायचं. नाकाच्या टोकावर माशी बसली आणि मी कपाळ झटकलं. नसा कपाळाच्याच असतात, मेंदू तेच सांगतो. मधली पट्टी कापल्यावर ते गेलं, मग नाक बरेच महिने बधिर होतं आणि हळूहळू जाग आली.

दसऱ्याला सोनं द्यायला लोक येणार म्हणून ह्यांनी विचारलं, आतल्या खोलीत बसतेस का? मी बाहेरच बसले. मोठी माणसं नजर चुकवत होती. शेजारची सहा वर्षांची पोर समोर उभी राहून म्हणाली, "काकी, दुखतं?" मी नाही म्हटलं आणि कपाळाची कातडी नाकाला कशी दिली ते तिला सांगितलं. खोलीतले सगळे तेव्हा ऐकायला लागले. तिथून पुढे मीच आधी सांगायला लागले, बसमध्ये, दुकानात, कुणी बघितलं की. मास्क लावावासा वाटतो, पण पुलावर दाब येता कामा नये, म्हणून मी सैल पदर धरायची.

२४ ऑक्टोबरला पूल कापला. जागेपुरती भूल, तासाभराचं काम, त्याच दिवशी घरी. उरलेलं मूळ भुवईपाशी परत बसवलं, त्यामुळे दोन्ही भुवया सारख्या राहिल्या. कपाळावर वर केसांजवळची थोडी जागा टाक्यांनी जुळली नव्हती, ती उघडीच ठेवून मलमाखाली आपोआप भरू दिली. त्याला महिन्याहून जास्त लागला. नरकासुर जाळायच्या पहाटे मी अंगणात उभी होते, कपाळाला पट्टी, पण डोळ्यांसमोर काही आड नव्हतं. दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, सगळ्यांबरोबर बसून खाल्ले.

यानंतर घाई करून चालत नाही. नवीन पाळी दोन-तीन महिने सुजलेली आणि जाड दिसते. बघणाऱ्यांना ते बिघडलंय असं वाटतं, आणि काही जण तसं तोंडावर बोलतात. रात्री नाकपुडीत सिलिकॉनची मऊ नळी ठेवायची, नाहीतर भोक आक्रसतं. मला ती नकोशी व्हायची, तरी ठेवली. टाके पूर्ण भरल्यावर वणावर दिवसातून दोनदा मालिश आणि सिलिकॉन जेल, छोटी ट्यूब तेव्हा आठशेच्या आसपास होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कातडीखालची चरबी कमी करून पाळी पातळ केली, ते तिसरं छोटं ऑपरेशन. पाळीची घडी त्यानंतर दिसायला लागली. आज जवळून बघितलं तर नाकावर एक बारीक रेघ आणि कपाळावर उभा वण कळतो.

नवीन पाळीला भोक पाडायचं नाही असं सर्जननी सांगितलंय. मुलाच्या लग्नात मी दाबाची नथ उजव्या बाजूला घातली. बायकांनी विचारलं, मी सांगितलं.

ज्याला एकदा ही गाठ झाली त्याला पुढच्या वर्षांत दुसरीकडे नवीन होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून दर सहा महिन्यांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे पूर्ण तपासणी असते, नुसतं नाक नाही, कान, मान, पाठसुद्धा. सकाळी एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, दुपारी बाहेर पडायचं असेल तर परत, पावसाळ्यातही. माझ्या भावाला आणि वहिनीला यंदा काजूच्या हंगामात मी रुंद काठाच्या टोप्या शिवून पाठवल्या, आणि भावाच्या कानावरचा एक जुना डाग दाखवून घ्यायला लावला. तो साधा निघाला.

माझे तिन्ही टप्प्यांचे फोटो मी ठेवलेत, मधल्याचेही. डॉक्टरांना सांगून ठेवलंय, कुणा बाईला बघायचे असतील तर मला फोन करा, मी येऊन दाखवीन.